बाथरूममध्ये जवळजवळ वीतभर घोण निघाली (टूसॉन, ॲरिझोना). चार वर्षांचा मुलगा आहे, काय करावं?

वैदेही_टूसॉन | १९ जुलै, रात्री १२:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसतीच वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

आम्ही मार्चमध्ये चँडलरहून टूसॉनला आलो. घर गावाच्या पूर्व टोकाला आहे. मागच्या भिंतीपलीकडे कोरडा ओढा, इथले लोक त्याला वॉश म्हणतात, आणि त्याच्या पलीकडे सग्वारोचे उंच निवडुंग नि रिंकॉनचे डोंगर. चँडलरला पाच वर्षांत दोनदा विंचू पाहिले होते, त्यामुळे विंचवांची तयारी आहे. जांभळ्या उजेडाचा टॉर्च आहे, पलंग भिंतीपासून लांब ठेवतो. पण परवा जे पाहिलं त्याची काहीच कल्पना नव्हती.

परवा संध्याकाळी यंदाचा पहिला दणदणीत पाऊस झाला. क्रिओसोटच्या झुडपांचा तो ओला वास घरभर आला होता, सासूबाई म्हणाल्या की मातीचा वास इथे औषधासारखा येतो. रात्री अकराला त्या बाथरूमला उठल्या आणि दिवा लावून तिथेच थांबल्या. मला हळूच हाक मारली, "वैदेही, घोण आहे, धावत येऊ नकोस." टबाशेजारच्या पायपुसण्यावर ती होती. अंग केशरी, डोकं काळंनिळं, शेवटचा भागही काळा, पाय पिवळे. आमच्या फरश्या सहा इंची आहेत. ती पायपुसण्यावरून खाली उतरून सरळ झाली तेव्हा एका फरशीपेक्षा लांब होती. हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय, भीतीनं वाढवून नाही.

नवऱ्यानं झाडू आणला. झाडू टेकवताक्षणी ती दांड्यावरून अर्ध्यापर्यंत वर आली. त्यानं झाडू टाकला आणि ती बेसिनखालच्या कपाटाच्या फटीत गेली. तेव्हापासून दिसलेली नाही. दोन रात्री आम्ही मुलाला मध्ये घेऊन झोपतोय. त्याचा पलंग अगदी जमिनीलगत आहे.

सासूबाई राजापूरच्या. त्या म्हणतात, घोणीच्या नुसत्या पायांतही विष असतं, अंगावरून गेली तरी चट्टे उठतात, आणि रात्री ती कानात शिरते. मला खरं काय ते हवंय. ही किती विषारी? मुलाला चावली तर काय करायचं? घरात तिचं बिळ असेल का, आणखी असतील का? कीटकनाशकवाल्यांना बोलावू का?

कॅक्टसकाठी | १९ जुलै, सकाळी ७:३५

ताई, तुमची भीती समजते. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो. आमच्याकडची घोण काळी असते, डोकं लालभडक आणि पाय पिवळे. गॅरेजमध्ये दोनदा निघाली. मी दोन्ही वेळा फवारा अर्धा संपवला, तरी बराच वेळ वळवळत होती. सरळ फावड्यानं मारा. लहान मूल असताना दयामाया नको.

पालोवर्दे | १९ जुलै, सकाळी ९:५०

वैदेहीताई, मी मूळचा अकोल्याचा, टूसॉनमध्ये २६ वर्षं आहे. यातली चार वर्षं हीच घोण मी काचेच्या पेटीत पाळली होती. वाळवंटातून रात्रीच्या फेऱ्या करतो, तेव्हाही दरवर्षी दिसते. म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही रंग इतके नीट सांगितलेत की शंका उरत नाही. ही स्कोलोपेंड्रा हिरोस, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी घोण. शास्त्रीय नाव १८५३ मध्ये दिलं गेलं. साधारण साडेसहा इंच, क्वचित आठ इंचांपर्यंत वाढते. केशरी अंग आणि काळी टोकं हा आपल्या ॲरिझोनाकडचा रंग. कॅक्टसकाठी यांनी वर्णन केली ती लाल डोक्याची टेक्सासकडची, पण जात तीच. इकडे ॲरिझोनापासून आर्कान्सा-मिसूरीपर्यंत आणि खाली उत्तर मेक्सिकोत ती आढळते. आपल्याकडे हिच्याहून जास्त वेळा दिसते ती स्कोलोपेंड्रा पॉलिमॉर्फा, मातकट रंगाची आणि प्रत्येक मणक्यावर गडद पट्टा असलेली. मणका म्हणजे अंगाचा एकेक खंड, हाड नव्हे.

ती तुमच्या घरात का आली, हे आधी समजून घ्या. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

घोण वाळवंटात राहते, पण तिचं शरीर वाळवंटासाठी बनलेलंच नाही. कीटकांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे आतलं पाणी आत राहतं. घोणीला तसा थर नाही म्हटलं तरी चालेल. अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रं आहेत, तीही तिला कीटकांसारखी घट्ट मिटता येत नाहीत. उन्हात दगडावर सोडली तर थोड्या वेळात सुकून मरेल. म्हणून दिवसभर ती दगडाखाली, कुजक्या लाकडाखाली, उंदराच्या बिळात, जिथे ओल असेल तिथे पडून असते आणि रात्री बाहेर येते. मेपासून जूनअखेरपर्यंत इथली जमीन भाजून निघते, तेव्हा ती दिसतही नाही. इथला पावसाळा सरकारी हिशेबानं १५ जून ते ३० सप्टेंबर. पहिला मोठा पाऊस झाला की ती निघते, कारण रात्रीची हवा तिला सोसवते आणि भक्ष्यही तेव्हाच बाहेर येतं. आणि त्याच पावसानं वॉशमध्ये पाणी आलं की ती लपते ती बिळं बुडतात. तुमचं बाथरूम तिला मोठा ओला दगड वाटलं असणार. तिला तुमचा मुलगा नको होता, ओल हवी होती.

म्हणून फावडं घेण्याआधी पाणी शोधा. बेसिनखालचा नळ, टबाची जोडणी, कपडे धुण्याच्या यंत्राची नळी, बाहेर भिंतीला लागून ठिबक सिंचनाची पाइप असेल तर ती. माझ्या अनुभवात जिथे घोण पुन्हा पुन्हा निघते तिथे कुठेतरी पाणी ठिबकत असतंच. पाणी असतं तिथे झुरळं येतात आणि झुरळांमागे ती. वारूळ, बिळ, कुटुंब असला प्रकार नसतो. ती एकटी राहते, दुसरी समोर आली तर खायलाही कमी करत नाही. एक दिसली म्हणजे भिंतीत दहा आहेत असं नाही.

आता विष. घोण चावते असं आपण म्हणतो, पण तोंडानं चावत नाही. डोक्यामागच्या पहिल्या मणक्याचे पाय बदलून दोन वाकड्या नख्या झाल्या आहेत. विषग्रंथी त्या नख्यांच्या आतच असते आणि विष टोकाजवळच्या छिद्रातून येतं. चालायच्या पायांचं असं विषारी हत्यार झालेलं दुसरं उदाहरण प्राणिजगतात सहज सापडत नाही. मला त्याचं आजही नवल वाटतं. उरले ते चालायचे पाय, २१ जोड्या. शतपाद म्हणतो खरं, पण घोणींमध्ये जोड्यांची संख्या विषम असते, त्यामुळे बरोबर शंभर पाय कुठल्याच घोणीला नसतात. शेवटची जोडी लांब आणि जाड असते. ती चालायला वापरत नाही, भक्ष्य पकडायला आणि समोरच्याला फसवायला वापरते. त्या जोडीमुळे आणि दोन्हीकडच्या काळ्या रंगामुळे डोकं कुठलं नि शेपूट कुठली ते पटकन कळत नाही. शेपूट समजून उचलायला गेलेला माणूस बहुतेक वेळा डोक्याकडूनच पकडतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. "धावत येऊ नकोस" हे त्यांनी अगदी बरोबर केलं. पण पायांत विषग्रंथी नाहीत. पायांची टोकं अणकुचीदार असतात, घाबरून पळताना ती कातडीत रुततात, त्यानं बारीक लाल टिपके येऊ शकतात. त्याच्या पुढच्या कहाण्या इथल्या गोऱ्या लोकांतही दीडशे वर्षं चालत आल्यात, त्या वाढवलेल्या आहेत. कानाचं म्हणाल तर कुठलाही लहान किडा झोपलेल्याच्या कानात जाऊ शकतो. या आकाराची घोण तिथे मावणारच नाही.

आता दुखण्याचं. आर्कान्सा विद्यापीठातले बेर्ग नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२० च्या दशकात हीच घोण मुद्दाम स्वतःच्या बोटाला लावली आणि चारेक सेकंद तशीच राहू दिली. तीव्र कळ आली, पंधरा मिनिटांनी ती उतरू लागली, दोनेक तास बोट सुजून दुखत राहिलं, तीन तासांत बहुतेक सगळं ओसरलं. माझी गोष्ट इतकी सुटसुटीत नव्हती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मागच्या अंगणातली फरशी मी मोज्यांशिवाय उचलली. आधी वाटलं काच घुसली. पाठोपाठ आगीचा डोंब. मनगटापर्यंत सूज आली, रात्रभर कळा येत होत्या, पहाटे जरा डोळा लागला. पुढे आठ दिवस बोट वाकत नव्हतं आणि खाजत होतं. म्हणजे माणूस, नख्या किती वेळ रुतल्या आणि विष किती गेलं यावर फरक पडतो. कुणी "मधमाशीसारखंच असतं" म्हणालं तर ऐकू नका. ते त्याहून बरंच वाईट असतं.

ती आगच का वाटते हे सांगायचा मोह आवरत नाही. चीनमधल्या लाल डोक्याच्या घोणीच्या विषात २०१५ मध्ये एक छोटं प्रथिन सापडलं. आपल्या नसांत उष्णता ओळखणारा जो ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं दार, असतो, तोच हे प्रथिन उघडतं. मिरचीचा तिखटपणा त्याच दारानं आत जातो आणि तो ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. हातावर ठेचा लागला की होतं ते, पण कातडीच्या खाली आणि कितीतरी पटीनं. आपल्या घोणीचं विष तंतोतंत तसंच आहे असं मी म्हणत नाही, जात वेगळी आहे. त्याच चिनी घोणीवर २०१८ मध्ये आणखी एक काम झालं. स्वतःपेक्षा पंधरा पट वजनाचा उंदीर ती अर्ध्या मिनिटात निपचित पाडते. नसा आणि हृदय चालायला पेशींत पोटॅशियमची जी दारं लागतात, तीच हे विष बंद करतं. आपली हिरोस पाली, बेडूक, लहान उंदीर खाते, लहान सापही मारते. काही ग्रॅमच्या प्राण्याला एवढं धरून ठेवायचं तर विष जहाल असणारच. ते माणसासाठी बनलेलं नाही आणि माणूस उंदरापेक्षा फार मोठा आहे, यावर आपण निभावतो.

पकडायची झाली तर झाडू नको, ते तुम्ही पाहिलंतच. उंच, गुळगुळीत काचेची बरणी घ्या, ती घोणीच्या लांबीपेक्षा उंच हवी. बुटक्या बरणीत ती मागचे पाय तळाला लावून काठावर पोचते. बरणी आडवी धरून लांब चिमट्यानं किंवा पुठ्ठ्यानं तिला आत सरकवा. अंधार दिसला की ती आपणहून आत जाते. चिमटा हातभर लांब असू द्या. आणि तुमच्या जांभळ्या टॉर्चवर विसंबू नका. विंचू त्यात लख्ख चमकतो, घोण तशी दिसत नाही. साधा पांढरा टॉर्चच घ्या.

कॅक्टसकाठी, तुम्हाला रागावत नाही, घरात मूल असताना माणूस असाच विचार करतो. पण फवारा घोणीवर हळू चालतो आणि तो लहान मुलाच्या पायांशी राहतो. मला तो घोणीपेक्षा वाईट वाटतो.

रातपाळी | १९ जुलै, दुपारी ३:१५

मी न्यू मेक्सिकोत इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. घोणीचे चावे दर उन्हाळ्यात येतात. वैद्यकीय भाग मी लिहिते, तो घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

चावली तर पहिल्या मिनिटात हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. सासूबाईंच्या बांगड्या घट्ट असतील तर हे फार महत्त्वाचं. सूज लवकर चढते आणि मग बांगडी कापावी लागते. जागा साबण-पाण्यानं धुवा. त्यानंतर गरम पाणी. हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, पण ४५ अंश सेल्सिअसच्या वर नको. पाणी नेहमी न चावलेल्या हातानं तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि वर भाजून येतात. लहान मुलाचं पाणी आईनं स्वतःच्या कोपरानं पाहावं. गरम पाणी जमत नसेल तर फडक्यात बर्फ. तैवानमध्ये २००९ मध्ये गरम पाणी, बर्फ आणि वेदनाशामक इंजेक्शन यांची तुलना झाली होती, तिन्हींनी दुखणं कमी झालं. त्यामुळे यातलं काय हाताशी आहे ते करा, वाद घालत बसू नका. मुलाला दुखण्याचं औषध त्याच्या वजनाप्रमाणे द्या, ॲस्पिरिन मात्र नाही.

चिरा देऊ नका, चोखू नका, वर करकचून बांधू नका. चुना, कांदा, लसूण लावू नका. मागच्या वर्षी एका आजोबांचा पाय घोणीनं कमी आणि चुन्यानं जास्त बिघडलेला पाहिला.

मग १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. हा विषबाधा केंद्राचा नंबर देशभर चालतो, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. ॲरिझोनात तुम्हाला विंचू-घोण रोज ऐकणारी माणसं भेटतील. मुलाचं वय आणि वजन सांगा, ते घरीच थांबायचं की यायचं ते सांगतात. फोन करायला लाजू नका. रात्री तीन वाजता "सहज विचारलं" म्हणणारे फोन आम्हाला आवडतात, कारण ती माणसं वेळेत विचारतात.

थेट ९११ कधी? श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं तर. कुणालाही कुठल्याही दंशाची ॲलर्जी होऊ शकते. हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांकडे जास्त लक्ष द्या. तुर्कस्तानात घोण चावल्यावर हृदयविकाराचा झटका आल्याची नोंद झालेली आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद झाली तर थांबू नका. याच हिरोसच्या चाव्यानंतर स्नायू मोडून मूत्रपिंड निकामी झाल्याची एक केस १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. फार दुर्मीळ आहे, पण वेळेत सलाइन मिळालं तर मूत्रपिंड वाचू शकतं. दोन-तीन दिवसांनी लाली पसरत गेली, ताप आला, जागा काळी पडली तरी दाखवा. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली तेही शोधून ठेवा.

घोणीसाठी प्रतिविष नाही, त्याची बहुतेकांना गरजही पडत नाही. मृत्यूची जी नोंद सगळीकडे दाखवली जाते, ती फिलिपीन्समधल्या सात वर्षांच्या मुलीची, डोक्याला चावा झाला होता, ती १९२३ सालची आहे. तुमच्या भागात खरं लक्ष ठेवायचं ते विंचवावर, झाडाच्या सालीत राहणाऱ्या त्या फिक्या रंगाच्या बार्क स्कॉर्पियनवर. त्याचं प्रतिविष इथे २०११ पासून मान्य आहे. मुलाला काय चावलं ते दिसलं नाही, पण डोळे भिरभिरताहेत, लाळ गळतेय, हातपाय झटके देताहेत, तर घोणीचा विचार सोडा आणि लगेच रुग्णालय गाठा.

माडबन | १९ जुलै, रात्री ९:०५

वैदेही, सासूबाईंना सांग, मी पण राजापूरकडचीच. आमच्याकडे कौलं शाकारायला काढली की घोण निघायची आणि आजी मिठाचं पाणी तयार ठेवायची, कानासाठी. ती कधी कुणाच्या कानात गेलेली मी पाहिली नाही. मला मात्र गोठ्यात शेणाची पाटी उचलताना चावली होती, आठवीत असताना. दोन दिवस ताप होता. देशातल्या घोणी वेगळ्या जातीच्या असतात ना? त्यांत जास्त विषारी कुठली?

पालोवर्दे | २० जुलै, सकाळी ८:२०

माडबनताई, हो, देशात याच कुळातल्या वेगळ्या जाती आहेत. स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स सगळीकडे सापडते. काळ्या-केशरी पट्ट्यांची वाघासारखी दिसते ती हार्डविकी, तीही चांगली मोठी होते. जातीजातींत उतरंड लावण्यात अर्थ नाही, दुखणं सगळ्याच देतात. रातपाळी यांनी लिहिलेलं कोकणातही तसंच्या तसं लागू, फक्त फोन नंबर वेगळा. आणि पावसाळ्यात अंगणात दिसणारी, हात लावला की गुंडाळणारी वाणी, काही ठिकाणी तिला पैसा म्हणतात, ती घोण नव्हे. तिला जवळजवळ प्रत्येक खंडावर पायांच्या दोन जोड्या असतात, पाला खाते, डसत नाही. मुलांना हा फरक दाखवा.

वैदेही_टूसॉन | २२ जुलै, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. सापडली!

पालोवर्देकाकांचं वाचून पाणी शोधायला लागलो. बाथरूममध्ये सगळं कोरडं होतं. पण त्या भिंतीच्या पलीकडच्या खोलीत कपडे धुण्याचं यंत्र आहे, ते पुढे ओढलं तर मागची नळी थेंबथेंब गळत होती. खालचा भिंतीचा काठ फुगलेला, तिथे दोन झुरळं, आणि लाकडी पट्टीच्या आड ती. सासूबाईंनी टॉर्च धरला. त्यांचा हात माझ्याहून स्थिर होता. पास्त्याची उंच बरणी आडवी ठेवली, नवऱ्यानं स्वयंपाकघरातल्या लांब चिमट्यानं मागून फक्त टोचलं, आणि ती एका दमात आत गेली. झाकण लावून बाहेरून पट्टी धरली तर १६ सेंटिमीटर.

मुलाला बरणीबाहेरून दाखवली. मुद्दाम दाखवली, उद्या दिसली तर हात लावायचा नाही हे त्याला कळावं म्हणून. त्यानं पाय मोजायचा प्रयत्न केला आणि त्यालाच दिसलं की डावीकडचा एक पाय इतरांपेक्षा बारीक आणि फिका आहे. तो आजारी पाय आहे का, असं विचारतोय. रात्री वॉशच्या पलीकडे, घरापासून बरंच लांब, मोठ्या दगडाशी बरणी आडवी ठेवली. ती लगेच निघाली नाही. मिशा बाहेर काढून बराच वेळ हवा चाचपत राहिली, मग दगडाखाली गेली. मला तिची भीती आहेच, पण ते पाहून खूप बरं वाटलं.

एक शंका उरली. ती मादी असेल, आत कुठे अंडी घातली असतील तर? आणि अजून कुठून येतील?

पालोवर्दे | २३ जुलै, सकाळी ६:३०

तुमच्या मुलाला शाबासकी द्या. तो पाय आजारी नाही, नवा आहे. पूर्वी कधीतरी तुटला असणार, कदाचित कुणाच्या चोचीत राहिला असेल. घुबडं आणि रोडरनर तिला खातात. घोण वाढताना कात टाकते आणि तुटलेला पाय कातेबरोबर परत येतो, आधी छोटा आणि फिका, पुढच्या कातांत हळूहळू पुरता. आपल्याकडे म्हणतात ना, घोणीचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही. हिचा तर पुन्हा उगवतो.

अंड्यांची काळजी करू नका. अंडी असती तर ती बाथरूमपर्यंत आलीच नसती. मादी अंड्यांभोवती अंगाचं कडं करून बसते आणि पिल्लं बाहेर पडून स्वतंत्र होईपर्यंत आठवडेच्या आठवडे हलत नाही, खायलाही जात नाही. एकेक अंडं चाटत राहते, नाहीतर त्यावर बुरशी येते. ज्या प्राण्याला आपण इतका क्रूर समजतो, त्याचं हे रूप मी स्वतः पाहिलंय. मी पाळलेली शेवटची मादी पकडली तेव्हाच गाभण असावी. जूनअखेरीस तिनं सालीच्या तुकड्याखाली अंडी घातली, पिवळसर, साबुदाण्याएवढी. मला राहवेना. एकदा साल उचलून पाहिलं, ती आणखी घट्ट गुंडाळली. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा एकही अंडं नव्हतं. त्रास झाला की मादी अंडी खाऊन टाकते हे मी वाचलं होतं, तरीही साल उचलली. त्या पावसाळ्याच्या शेवटी मी तिला जिथून आणली होती तिथे सोडून आलो आणि नंतर कुठलीच पाळली नाही.

अजून येतील का? पावसाळा संपेपर्यंत एखादी येऊ शकते. बाहेरच्या दारांना खाली रबराची पट्टी लावा. खाली वाकून पाहिलं आणि उजेड दिसला तर ती फट तिला पुरेशी आहे. भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं, विटा, कुंड्या हातभर लांब सरकवा, आणि त्या सरकवताना मोजे घाला. मुलाच्या पलंगाची चादर जमिनीला टेकू देऊ नका. बूट, जमिनीवर पडलेला टॉवेल झटकल्याशिवाय घ्यायचा नाही.

वैदेही_टूसॉन | २६ जुलै, सकाळी ७:१०

नळी बदलली, फुगलेला काठ सुतारानं काढून नवा बसवला. मागच्या दाराखालून उजेड दिसत होता, तिथे पट्टी लावली. सासूबाईंना अंड्यांचं वाचून दाखवलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आम्ही किती मारल्या." मुलगा रोज सकाळी स्वतःच बूट झटकतो आणि आतून काही पडलं का ते पाहतो. काल रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला. मी बारा वाजता टॉर्च घेऊन दोन्ही बाथरूम पाहून आले. काही नव्हतं.